काठी कोणाच्या हाती

पालखी मुक्कामाला पोचली की माउलींच्या सोहळ्यात समाजआरती होते. ज्याने ती पाहिली नाही, त्याला सांगून तिची कल्पना यायची नाही. दिंड्या पालखीभोवती गोल धरून उभ्या असतात, टाळांचा कल्लोळ चाललेला असतो, मृदंग छातीत वाजत असतात. मग चोपदार हातातला चोप उंच करतो आणि क्षणात सगळं थांबतं. सगळं म्हणजे जवळजवळ सगळं. एखाद्या दिंडीचं काही गाऱ्हाणं असेल, तर तिचे टाळ वाजतच राहतात. पाणी मिळालं नसेल, चालण्याचा क्रम मोडला असेल, जागेवरून बाचाबाची झाली असेल; कारण काहीही असो, एवढ्या मोठ्या शांततेत ते टाळ ऐकू आल्यावाचून राहत नाहीत. चोपदार त्या दिंडीपाशी जातात, काय झालं ते विचारतात, सोहळाप्रमुखांपर्यंत नेतात. मार्ग निघाला की टाळ थांबतात. मग हरवल्या-सापडल्याची यादी सांगितली जाते, उद्या किती वाजता निघायचं ते सांगितलं जातं आणि आरती सुरू होते.

गटसत्र कसं चालवावं यावरच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहायला बसले, तेव्हा पहिल्यांदा मला हे आठवलं. शांत केव्हा व्हायचं हे तिथे सर्वांना ठाऊक आहे. शांत न होण्याचा हक्क कोणाला, हेही ठाऊक आहे. तक्रार करणाऱ्याला माइकसाठी रांग लावावी लागत नाही की चिठ्ठी पाठवावी लागत नाही. आणि हे सगळं ज्याच्या इशाऱ्यावर चालतं तो चोपदार कीर्तनकार नव्हे. त्याला ऐकायला कोणी आलेलं नसतं. त्याच्या हातात एक काठी आहे आणि ती कधी उचलायची एवढं त्याला कळतं.

या कामाला मराठीत सर्वमान्य शब्द अजून नाही. शिक्षण खात्याच्या प्रशिक्षणांतून 'सुलभक' आला. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'सोपं' असाच असल्यामुळे भाषांतर चुकलेलं नाही, पण गावात हा शब्द उच्चारला की समोरची माणसं नम्रपणे गप्प बसतात आणि शहरात लोकांना बसस्टँडवरचं सुलभ शौचालय आठवतं. 'साधन व्यक्ती' म्हटलं की माणूस पाना-पक्कडीच्या पेटीत जाऊन पडतो. 'सूत्रसंचालक' शेरोशायरीशिवाय पुढे सरकत नाही. महिला आर्थिक विकास महामंडळाने, म्हणजे १९७५ साली स्थापन झालेल्या माविमने, बचत गटांच्या कामात 'सहयोगिनी' हा शब्द रुजवला, तो मला सगळ्यांत जवळचा वाटतो. या पुस्तकाच्या दोन्ही लेखिकांनी त्यावरूनच 'सहयोगी' असा शब्द घेतला आहे. मीही इथे तोच वापरते. प्रत्यक्षात बायका आम्हाला 'सेशनवाल्या मॅडम' म्हणतात, ही गोष्ट वेगळी.

शब्द नाही त्याला कारण आहे. आपण व्याख्यानांच्या मुलखातली माणसं. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ सालापासूनची. गावोगावच्या व्याख्यानमाला, गणेशोत्सवातली भाषणं, सप्ताहातली कीर्तनं या सगळ्यांनी आपल्याला उत्तम वक्ते दिले आणि कानाचे पक्के श्रोतेही दिले. अध्यक्षीय समारोप कसा करायचा, आभार कोणी मानायचे, नारळ कोणाच्या हस्ते फोडायचा याचे आपले संकेत पक्के आहेत. पण वीस माणसांनी गोल बसून, त्यांतल्या कोणालाच आधीपासून ठाऊक नसलेलं उत्तर एकत्र शोधायचं असेल, तर काय करायचं? तिथे आपण अडखळतो. आणि अडखळलो की भाषण सुरू करतो.

भाषणाने काय होतं आणि चर्चेने काय होतं, याचा एक जुना आणि फार बोलका प्रयोग आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत चांगलं मांस सैन्याकडे जाऊ लागलं. सरकारला वाटलं, गृहिणींनी काळीज, हृदय, गुरदे शिजवायला सुरुवात करावी. तिथल्या घरांत या गोष्टी हलक्या समजत. कुर्ट लेविन या जर्मनीतून आलेल्या मानसशास्त्रज्ञाने काही गृहिणींच्या गटांना आकर्षक व्याख्यान ऐकवलं: पोषण, देशप्रेम, पाककृती, सगळं. दुसऱ्या गटांना तेवढाच वेळ, साधारण पाऊण तास, आपसांत बोलू दिलं. नवऱ्याने नाक मुरडलं तर काय, शिजवताना वास येतो त्याचं काय, पोरं खातील का. आणि शेवटी कोण करून बघणार ते हात वर करून ठरवलं. पुढे चौकशी केली, तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के बायकांनी यांतलं काही नव्याने शिजवलं होतं. चर्चा केलेल्यांपैकी ३२ टक्क्यांनी.

प्रशिक्षणांत हा प्रयोग विजयकथेसारखा सांगितला जातो. मीही वर्षानुवर्षं तसाच सांगितला. एकदा एका गटातल्या बाईंनी विचारलं, "पण काळीजच खायचं हे आधी कोणी ठरवलं होतं?" त्या दिवसापासून हा प्रयोग मी वेगळ्या रीतीने सांगते. चर्चा गटाची होती, पण विषय आणि उत्तर दोन्ही सरकारची होती. गोल बसवून, हसतखेळत, चिठ्ठ्या लिहवून घेऊन लोकांना आपल्याला हवं तिथे आणून सोडणं फार कठीण नसतं. आमच्या क्षेत्राची सगळी कला आणि सगळी लबाडी याच दोन टक्केवारींच्या मधल्या जागेत राहते.

लेविनच्याच नावावर आणखी एक घटना आहे. १९४६ साली कनेक्टिकटमध्ये वंशभेदाच्या प्रश्नावर काम करणाऱ्यांची एक कार्यशाळा झाली. दिवसभर गटकाम, आणि रात्री संशोधक आपसांत बसून कोणत्या गटात काय घडलं याची उजळणी करत. काही प्रशिक्षणार्थींनी आम्हीही बसू का विचारलं. त्यांना बसू दिलं, आणि त्यांतल्या एकीच्या वागण्याबद्दल संशोधक जे म्हणाला ते तिने जागच्या जागी खोडून काढलं: तसं झालंच नव्हतं. त्या वादातून संशोधकांना उमगलं की गटाने स्वतःच्याच वागण्याकडे एकत्र बसून पाहणं हेच मोठं शिक्षण आहे. पुढच्या फेब्रुवारीत लेविन गेले, पण १९४७ च्या उन्हाळ्यात मेन राज्यातल्या बेथेल गावी या पद्धतीची रीतसर सुरुवात झाली. आज कंपन्यांतून होणाऱ्या संघबांधणीच्या शिबिरांचं मूळ तिथे आहे, जरी दोरीवरून उड्या मारणाऱ्यांना त्याचा पत्ता नसला.

आमच्या कामाचा हा पहिला प्रवाह. दुसरा ब्राझीलमधून आला. पाउलो फ्रेअरी यांनी १९६३ साली अंजिकोस गावात सुमारे ३०० प्रौढांना चाळीस तासांच्या वर्गांतून लिहा-वाचायला शिकवलं. त्याला ते वर्ग म्हणत नसत, 'संस्कृतिमंडळ' म्हणत, आणि शिकवणाऱ्याला समन्वयक. धडा 'अ'पासून सुरू होत नसे. समोर एक चित्र आणि एक शब्द, समजा 'वीट'. विटा कोण भाजतं, घरं कोण बांधतं, बांधणारा स्वतः कसल्या घरात राहतो, असं बोलणं होई आणि मग त्या शब्दाची अक्षरं सुटी केली जात. पुढल्याच वर्षी लष्कराने सत्ता घेतली, फ्रेअरींना तुरुंग आणि मग देशत्याग. आपल्याकडे सत्तरच्या दशकात त्यांचे विचार तरुण कार्यकर्त्यांत पसरले. शिबिरांत गोल बसण्याची सवय सेवादल, सर्वोदय आणि युवक चळवळींनी आधीच लावली होती. फ्रेअरींनी त्या गोलाला प्रश्न दिला. त्यांचेच देशबांधव आउगुस्तो बोआल यांनी हाच विचार रंगमंचावर नेला. प्रेक्षक नाटक मधेच थांबवतो, उठून पात्राच्या जागी उभा राहतो आणि वेगळं काही करून बघतो. या नाटकातल्या सहयोग्याला ते 'जोकर' म्हणत, पत्त्यांतल्या जोकरसारखा, कोणत्याच रंगाचा नसलेला. मला हे नाव 'सुलभक'पेक्षा प्रामाणिक वाटतं.

तिसरा प्रवाह आपल्या अंगणातला आहे, म्हणून त्यावर जरा रेंगाळते. विकासकामांसाठी गावात जाणारे तज्ज्ञ रस्त्याच्या कडेची गावं बघतात, पावसाळा सोडून जातात, पुरुषांशी बोलतात, घाईत असतात. हे विकासाचे अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ च्या पुस्तकात इतक्या बारकाईने मांडलं की वाचताना लाज वाटते. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी गुजरातेतल्या आगाखान ग्रामीण साहाय्य कार्यक्रमाने आणि कर्नाटकातल्या मायराडा या संस्थेने लोकांनाच नकाशे काढायला, क्रमवारी लावायला सांगून पाहिलं आणि लोकसहभागी ग्रामीण समीक्षा, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी बसलेलं 'पीआरए', घडत गेलं. चेंबर्स १९८९ ते १९९१ हैदराबादेत होते आणि या घडणीचे भागीदार होते. तंत्र अगदी साधं. जमिनीवर रांगोळी, खडे, बिया, पानं. त्यांतून गावाचा नकाशा. तज्ज्ञ एक काठी घेऊन पहिली रेघ ओढतो आणि काठी गावकऱ्याच्या हातात देतो. 'काठी देणं' हाच या पद्धतीचा परवलीचा शब्द झाला. लिहिता न येणारी बाई तेरड्याच्या बिया मांडून कोणत्या महिन्यात घरात धान्य संपतं ते दाखवते, तेव्हा तिच्याहून जास्त माहिती असलेलं त्या जागेवर कोणी नसतं.

मग जे व्हायचं ते झालं. योजनेला पैसे हवेत तर पीआरए हवा, असा नियम आला. एका दिवसात तीन गावांचे नकाशे होऊ लागले. रांगोळी सरपंचांच्या अंगणात पडू लागली आणि काठी दिल्यासारखी करून कोपर धरून ठेवलेलं असे. याच परंपरेतून कमल कार यांनी २००० साली बांगलादेशात मोस्मोइल गावी उघड्यावरच्या शौचाविरुद्ध एक नवी रीत वापरली. गावाने स्वतःच हागणदारीतून फेरी मारायची, नकाशावर खूण करायची आणि आपण काय खातोय याचा स्वतःच हिशेब लावायचा. किळस आणि लाज यांतून गाव उठलं पाहिजे, ही कल्पना. ती कल्पना पुढे महाराष्ट्रातही आली. पण गावाने स्वतःची लाज स्वतः ओळखणं आणि सरकारी पथकाने पहाटे टमरेल घेऊन निघालेल्या म्हातारीला गाठून लाजवणं, यांत फरक आहे. आमच्याकडची 'गुड मॉर्निंग पथकं' मी पाहिली आहेत. तिथे काठी परत आलेली होती, आणि या वेळी नकाशा काढण्यासाठी नव्हती.

आधारगटांचा प्रवाह या सगळ्यांपासून लांब, आपल्याच वाटेने गेला. १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन गावी दोन दारुडे भेटले आणि अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस जन्माला आली. तिथे कोणी तज्ज्ञ नसतो. एक जण बोलतो, बाकीचे ऐकतात, मधे कोणी सल्ला देत नाही, उलटतपासणी करत नाही. महाराष्ट्रात १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. व्यसन सोडलेला माणूसच तिथे पुढे समुपदेशक होताना दिसतो. मला या गटांचं सर्वांत मोठं देणं वाटतं ते 'मधे न बोलणं' हेच. सांगणाऱ्याचा आवाज भरून आला की पाण्याचा ग्लास पुढे करणं, पाठीवर हात ठेवणं, 'होईल सगळं ठीक' म्हणणं, या आपल्या चांगल्या सवयी आहेत. पण त्यांनी बहुतेक वेळा ऐकणाऱ्याची अस्वस्थता संपते, सांगणाऱ्याचं सांगणं अर्धं राहतं.

कंपन्यांच्या जगातून आलेल्या तंत्रांना मी थोडक्यात आटपते, कारण त्यांवर पुस्तकं पुष्कळ आहेत. अॅलेक्स ऑस्बॉर्न या जाहिरातवाल्याने 'ब्रेनस्टॉर्मिंग' जगभर नेलं. १९५८ सालीच येल विद्यापीठातल्या अभ्यासात दिसलं, की तेवढ्याच माणसांनी वेगवेगळं बसून काढलेल्या कल्पना एकत्र केल्या, तर त्या गटाने मिळून काढलेल्यांपेक्षा जास्त भरतात. हे कळून सहा दशकं उलटली, तरी फळ्यासमोर सगळ्यांना एकदम 'बोला, बोला' म्हणण्याची प्रथा काही जात नाही. आधी प्रत्येकाने एकट्याने विचार करायचा, मग दोघांनी, मग सर्वांनी, एवढा साधा बदल पुष्कळ काही देऊन जातो. हॅरिसन ओवेन यांना परिषदेतला सर्वांत चांगला भाग चहाच्या सुटीतला असतो असं जाणवलं, म्हणून त्यांनी १९८५ मध्ये जवळजवळ सगळी परिषदच चहाच्या सुटीसारखी मोकळी करून टाकली. ही मला त्या जगातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते.

आता सर्वसहमती. क्वेकर पंथाच्या सभांत शतकानुशतकं मतदान होत नाही. सभेचा कारकून सभेचा कल ओळखतो, तिथेच एक टिपण लिहितो, वाचून दाखवतो, आणि सभेने मान्य केलं तरच तो निर्णय. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावाने, बहुतेकांना 'मेंढा-लेखा' म्हणून माहीत असलेल्या त्या छोट्या गोंड गावाने, हीच वाट आपल्या पायांनी शोधली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या तिथल्या कामाबद्दल वनहक्कांच्या अंगाने पुष्कळ लिहिलं गेलं आहे. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला, २०१३ मध्ये गाव ग्रामदानी झालं. माझ्या दृष्टीने त्या गावाचा सर्वांत मोठा शोध जंगलात नाही, बैठकीत आहे. त्यांनी दोन जागा वेगळ्या केल्या. अभ्यासगटात कोणीही यावं, बाहेरच्यांनीही. वाचावं, वाद घालावा, माहिती आणावी, पण तिथे निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, फक्त गावाने, सर्वांच्या सहमतीने. एकाचाही विरोध असेल तर थांबायचं आणि पुन्हा अभ्यासाला बसायचं. बाहेरून गेलेल्या सहयोग्याची जागा कुठे संपते, याचं याहून स्वच्छ उत्तर मला कुठल्या पाश्चात्त्य पुस्तकात मिळालेलं नाही.

एवढा फेरफटका मारला तो नव्या वाचकाला नकाशा मिळावा म्हणून. पण मला जे सांगायचं आहे ते इथून पुढे आहे. तंत्रं बाहेरून आली, येऊ देत. शांतता मात्र आपली इथलीच आहे, आणि तिला आपल्या घराण्यांचा, आळ्यांचा, नात्यागोत्यांचा आकार आहे.

मराठवाड्यातल्या एका गावात, मी कामाला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील, बचत गटाचं सत्र घेत होते. विषय होता कर्ज कोणाला आधी द्यायचं. मी पुस्तकात वाचलं होतं तसं सगळ्यांना गोल बसवलं, म्हणजे सगळ्या समान. त्या गोलात एक सासू आणि तिची सून समोरासमोर आल्या. गोलाची मोठी खुबी ही की सगळ्यांना सगळ्यांची तोंडं दिसतात. सून सबंध दोन तास पदराच्या टोकाशी खेळत होती. मी तिला नावानिशी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" ती म्हणाली, "आत्याबाई म्हणतील तसं." मी वहीत लिहिलं, सर्वानुमते. सहा महिन्यांनी कळलं की तिला शिलाई मशीन घ्यायचं होतं आणि ते घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. जुन्या पद्धतीने त्या रांगेत, एकीच्या पाठीमागे एक, बसल्या असत्या, तर कदाचित ती शेजारणीच्या कानात काही बोलली असती. गोल माझा होता, भोवऱ्यात ती सापडली.

असे कितीतरी आकार. सतरंजीच्या कडेला, उंबऱ्याच्या बाहेर, खांबाला टेकून बसलेली माणसं कोणत्या आळीतली आहेत, हे सत्र सुरू होण्याआधीच बघायला हवं. सरपंच बाई असतील तर खुर्चीवर कोण बसलंय? ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती. ती नाही झाली तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेत ठराव सुखेनैव होतात. कित्येक ठिकाणी प्रोसिडिंग आधी लिहून तयार असतं आणि सह्यांचं रजिस्टर घरोघर फिरतं. 'सूचक' आणि 'अनुमोदक' यांची नावंही ठरलेली. महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, ही तरतूद २००३ साली झाली, ती शांततेचा हा आकार ओळखूनच. शहरातल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत चित्र फार वेगळं नसतं. खरा विषय कायम 'आयत्या वेळचे विषय' यात दडलेला असतो आणि त्याची पाळी येईपर्यंत निम्मे लोक अल्पोपाहाराकडे वळलेले असतात.

नेता नाही असं म्हटल्याने सत्ता जात नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला स्त्रीमुक्ती गटांतल्याच जो फ्रीमन यांनी हे स्पष्टपणे मांडलं होतं: ज्या गटाला उघड रचना नसते, तिथे लपलेली रचना असते, आणि लपलेल्या रचनेला जाब विचारता येत नाही. म्हणून सहयोग्याने 'मी काहीच नाही हो, सगळं तुमचंच' असं म्हणू नये. खडू माझ्या हातात आहे, घड्याळ माझ्या हातात आहे, अहवाल मी लिहिणार आहे. हे उघड सांगावं आणि मग एकेक करून सोडत जावं.

मग चांगली रीत कोणती? या पुस्तकात तिच्याबद्दल पुष्कळ आहे, मी माझ्या अनुभवातल्या दोन-चारच गोष्टी सांगते. सत्राचं निम्मं काम आदल्या दिवशी होतं: जागा कोणाची आहे, तिथे यायला कोणाला अडचण आहे, शेतात खुरपणी चालू आहे का, मुलं कोण सांभाळणार, बाथरूम आहे का. पुरुष सहयोग्यांना शेवटचा प्रश्न सुचत नाही आणि बायका तीन तास पाणी न पिता बसतात. पहिला प्रश्न असा असावा की ज्याचं उत्तर चुकूच शकत नाही. प्रश्न विचारल्यावर थांबावं. मनात दहापर्यंत मोजावं. सहाला तुम्हाला घाम फुटतो, आठला कोणीतरी बोलतं. जास्त बोलणाऱ्या माणसाला गप्प करू नये, त्याला काम द्यावं, म्हणजे इतरांचं बोलणं लिहून घेण्याचं. ज्यांना लिहिता येत नाही अशी एक जरी व्यक्ती गटात असली, तर चिठ्ठ्यांचा खेळ करू नये; खडे आहेत, डाळीचे दाणे आहेत, पावलांनी या बाजूला त्या बाजूला उभं राहणं आहे. काय ठरलं ते उठण्याआधी मोठ्याने वाचून दाखवावं आणि 'मी असं म्हटलं नव्हतं' असं कोणी म्हणालं, तर त्या सत्राला यश आलं असं समजावं. चहा शेवटी नको, मधे हवा. न बोललेली माणसं चहाच्या कपाशी बोलतात.

आज हे पुस्तक हवं होतं, कारण बैठकांची संख्या कधी नव्हे एवढी वाढली आहे. १९९२ साली नाबार्डने बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली. आता उमेद अभियानाच्या आणि माविमच्या गटांची नियमित बैठक ही राज्यातल्या असंख्य बायकांच्या जगण्याचा भाग आहे. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आणली, वनहक्क कायद्याने गावसमित्या आणल्या, कार्यालयांत अंतर्गत तक्रार समित्या आल्या. कायद्याने माणसांना एकत्र बसवलं, पण बसल्यावर काय करायचं ते कोणी शिकवलं नाही. त्यात कोविडनंतर पडद्यावरच्या बैठका वाढल्या. तिथे गप्प असणं आणि नसणं यांतला फरकच पुसला जातो. एक काळा चौकोन, खाली नाव. तो माणूस ऐकतोय की भाजी निवडतोय कोणाला कळणार? आणि व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर अंगठा दाखवला की ठराव मंजूर, अशी नवी तहकूब सभा सुरू झाली आहे.

लेखिकांनी या सगळ्या पसाऱ्यातून आपली मर्यादा नीट आखून घेतली आहे. एक जण प्राथमिक शिक्षणात, दुसरी बचत गटांच्या फेडरेशनमध्ये, दोघींनी मिळून कितीतरी सत्रं चालवली आणि त्यांतली फसलेली जास्त प्रामाणिकपणे लिहून ठेवली. खेळांची आणि एनर्जायझरची जंत्री शोधणाऱ्याची इथे निराशा होईल. मानसोपचाराच्या गटांना त्यांनी हात लावलेला नाही, ते योग्यच आहे. त्याला वेगळं प्रशिक्षण लागतं. त्यांचा सगळा भर एका प्रश्नावर आहे: या गटात कोण बोलत नाही आणि का. बसण्याची जागा, वेळ, भाषा, संख्या, नोंद, भांडण, पैसा, या प्रत्येक गोष्टीकडे त्या याच खिडकीतून बघतात. सर्व वेळ प्रमाणभाषेत बोलणारा सहयोगी अर्धा गट कसा घालवतो, हे त्यांनी जसं दाखवलं आहे तसं मी मराठीत अन्यत्र वाचलेलं नाही.

काही ठिकाणी माझं त्यांच्याशी जमत नाही. सर्वसहमतीवर त्यांचा विश्वास माझ्यापेक्षा जास्त आहे. मेंढ्यात ती टिकली कारण गाव लहान आहे, जमीन-जंगल समाईक आहे आणि थांबायची तयारी आहे; जिथे पाच एकरवाला आणि भूमिहीन एकाच सतरंजीवर बसतात, तिथे सहमती बहुधा पाच एकरवाल्याची होते. अशा वेळी गुप्त मतदान जास्त दयाळू ठरतं. तंटा पेटलेल्या गटात सत्र थांबवून घरी जाणं हाही एक निर्णय असतो, तो त्यांनी जरा पटकन उरकला आहे. पण हे मतभेद त्यांना माहीत आहेत आणि तरी प्रस्तावना त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतली.

हे पुस्तक सलग वाचायची गरज नाही. पुढचं सत्र ठरलं असेल तर त्याला जवळचं प्रकरण आधी वाचा, सत्र घ्या, आणि परत येऊन तेच पुन्हा वाचा. समासात लिहायला भरपूर जागा सोडली आहे.

छापायला देण्यापूर्वी लेखिकांनी मसुदा तीन गटांत बसून मोठ्याने वाचून दाखवला: एक शिक्षकांचा, एक ग्रामपंचायत सदस्यांचा, एक बचत गटातल्या बायकांचा. बायकांच्या गटाने एक पूर्ण प्रकरण काढायला लावलं. त्याचं नाव होतं 'गप्प बसणाऱ्यांना बोलतं कसं करावं'. त्या म्हणाल्या, "आम्ही गप्प असतो तेव्हा ऐकत असतो. उगाच बोलतं कशाला करता?" ते प्रकरण लिहावं असं मीच सुचवलं होतं. आता ते पुस्तकात नाही.